नासपत्यांना एकेक चावा

आजचा बाजार

द्राक्षं: आवक भरपूर. दर्जा मध्यम. भाव स्थिर.
कलिंगड: आवक बरी. दर्जा मध्यम. भाव नरम.
संत्री: आवक कमी. दर्जा मध्यम. भाव चढता.
नासपती: आवक एक ट्रक. दर्जा

इथे माझा खडू थांबला, कारण नमुन्याच्या खोलीतून चिटणीससाहेबांची किंकाळी ऐकू आली.

प्रकरण पहिलं: बूड

आमच्या घाऊक फळबाजाराचे चिटणीस सहसा ओरडत नाहीत. गोदामात उंदीर दिसला तरी आधी विचारतात, कुणाच्या गाळ्यातला? म्हणून मी खडू टाकला आणि धावले. माझ्यामागे चहावाला, हातातल्या किटलीसकट.

नमुन्याच्या खोलीत एक टेबल आहे, एक पिंप आहे आणि एक खिडकी, जी उघडत नाही. दाराला कुलूप असतं. किल्ली बाहेरच्या काट्यावर, सगळ्यात जड वजनाखाली ठेवलेली असते. ही गोष्ट अत्यंत गुप्त आहे, म्हणजे सगळ्या बाजाराला माहीत आहे.

टेबलावर नासपतीची पेटी होती. सील तुटलेलं, झाकण बाजूला. आत मात्र फळं प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारखी ओळीत. देठ वर, प्रत्येकीच्या अंगाला कागद.

"काय झालं साहेब? चांगली तर दिसतायत."

चिटणीससाहेबांनी एक नासपती देठाला धरून उचलली. तिला बूड नव्हतं.

दुसरी उचलली. तिलाही नव्हतं.

आम्ही सगळी पेटी उपसली. प्रत्येक नासपतीचा बुडाकडून एक चावा घेतलेला, आणि मग तिला परत कागदात बसवून जागच्या जागी ठेवलेली. एकीलाही दोन चावे नाहीत. एकही सुटलेली नाही.

"उंदीर," चहावाला म्हणाला.

"आणि कागद कुणी गुंडाळले? उंदराच्या बायकोने?"

मी कोपऱ्यातल्या पिंपाचं झाकण उचललं. फळ चाखून थुंकायचं पिंप ते, आत लाकडाचा भुसा. भुशावर नासपतीचे तुकडे पडले होते. चघळलेले, पण न गिळलेले. मी झाकण परत लावलं, आणि तेव्हा मनात आलं: ज्याने हे केलं, त्यानेही लावलं होतं.

एवढ्यात दारात बागवाली येऊन उभी राहिली. पेटी तिची होती.

प्रकरण दुसरं: जे काल घडलं, पण आज सांगावं लागतंय

बागवाली आमच्या बाजारात नवीन. ऑफिसातली नोकरी सोडून तिने डोंगराच्या उतारावर नासपतीची झाडं लावली आणि झाडांना फळ येईपर्यंत घरच्यांची बोलणी खाल्ली. यंदा पहिलं पीक. जमीन तिची आणि तिच्या भावाची. भावाचं म्हणणं, झाडं काढू, गोदाम बांधू. शेवटी दोघांचं ठरलं: पहिल्या पिकाला बाजारात 'उत्तम' मिळालं तर झाडं राहतील. नाही मिळालं तर कुऱ्हाड.

फळांची दुकानं चालवणाऱ्या एक ताई आहेत, बाजारात त्यांना दुकानवाल्या ताईच म्हणतात. त्या अख्खा ट्रक घ्यायला तयार होत्या, आणि दरवर्षी घेणार होत्या. पण त्या 'उत्तम'च घेतात. 'मध्यम' माल रसाच्या कारखान्याला जातो, पडेल त्या भावाने.

आणि काल चाखेकाकांनी तिच्या मालाला 'मध्यम' दिलं.

चाखेकाका म्हणजे बाजाराची जीभ. फोड तोंडात टाकली की झाडाला शेवटचं पाणी कधी मिळालं तेही सांगतील, अशी ख्याती. खिशात घडीची सुरी. फळ ते कधीच चावत नाहीत, कापतात. ते म्हणतील तो दर्जा. तो मी फळ्यावर लिहायचा, आणि फळ्यावर येईल त्यावरून भाव फुटायचा. म्हणून मला भाववाली म्हणतात. घरी मला सूनबाई म्हणतात, कारण चाखेकाका माझे सासरे.

काल बागवालीने फेरतपासणी मागितली. काकांच्या जिभेवर अपील! हमालांनी डोक्यावरची ओझी खाली ठेवून ऐकलं. मग चिठ्ठी टाकून ट्रकमधली एक पेटी निवडली, सील केली, आज सगळ्यांसमोर काका ती पुन्हा चाखणार होते. नियम भिंतीवर रंगवलेला आहे:

*नमुना बिघडल्यास पहिला निकाल कायम.*
*बाजाराच्या माणसाकडून बिघडल्यास नवा नमुना काढावा.*

बागवालीने तो दोनदा वाचला.

"म्हणजे हे बाहेरच्या कुणी केलं असेल तर माझी झाडं गेली."

"कुणी केलं ते कळलंच नाही, तरी गेली," चिटणीससाहेब म्हणाले. त्यांना सांत्वन करता येत नाही.

"आणि बाजाराच्या माणसाने केलं असेल तर?"

"आमचा माणूस असं कशाला करेल, बाई?"

हे सगळं बोलताना तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. रागावली की घाबरली, कळायला मार्ग नाही. हमालांनी आल्याआल्याच तिचं नाव ठेवलं होतं, दगडीबाई.

"भाववाली," साहेब माझ्याकडे वळले, "तू रोज सगळ्यांना प्रश्न विचारतेस. आज पण विचार. दुपारच्या भोंग्याच्या आत. भोंगा झाला की रसवाला ट्रक घेऊन जाईल."

प्रकरण तिसरं: संशयितांचा बाजार

रसवाला: आवक रोजची. दर्जा हलका. हेतू भरपूर. माल 'मध्यम' राहिला तर त्याची चांदी.

मिशीदादा, अडत्या: आवक जुनी. दर्जा खट्याळ. हेतू चांगला. इतर बागांच्या नासपत्या तोच विकतो.

बागवाली: आवक नवी. दर्जा कळत नाही. चिटणीससाहेबांना संशय की तिनेच घाबरून पेटी नासवली. नासवून 'मध्यम'च पदरात पडणार, मग फायदा काय, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, तेही खरंच.

चहावाला: आवक फार. दर्जा पाणीदार. हेतू शून्य.

चाखेकाका: यादीत नाहीत. ते कापतात.

प्रकरण चौथं: रसवाला खातो

रसवाला आपल्या टेम्पोच्या फळीवर बसून केळी खात होता.

"मी? मी कशाला चाखू? ताई, मी फळ टनावर घेतो. गोड असो, आंबट असो, साखर मी नंतर घालतोच."

"माल 'मध्यम' राहिला तर तुमचाच फायदा."

"फायदा कुणाला नको? पण त्यासाठी अख्ख्या पेटीला दात लावत बसू? पेटी उचलून नाल्यात टाकली असती. काम झटपट."

यात तथ्य होतं. मी ट्रकमधून आणलेली एक नासपती त्याच्या हातात दिली. "खाऊन दाखवा."

त्याने विचारलंही नाही, का. मधोमध पोटाला पहिला चावा, गिळला. दुसरा, तिसरा, गिळले. मग बिया. मग देठ हातात राहिला तो कानात घातला.

"अजून एक आहे का?"

मी तिथून चालू लागले. बुडाकडून सुरू न करणारा, आणि न गिळता थुंकण्याची कल्पनाही सहन न होणारा माणूस. रसवाला सुटला.

प्रकरण पाचवं: मिशीदादा कापतो

मिशीदादाला दुसरी नासपती दिली. त्याने ती उलटी केली, सुरी काढली, बुडाकडून एक फोड उतरवली, चघळली आणि कचऱ्याच्या टोपलीत नेमकी थुंकली.

"बुडाकडून का, दादा?"

"कारण साखर बुडाशी असते. देठाकडून चाखणारा अडत्या उपाशी मरतो." मग त्याची मिशी वर गेली. "अगं, ही त्या बाईची ना? कोण म्हणालं हिला मध्यम?"

"काका."

"हं." त्याने फळ पुन्हा एकदा उलटून पाहिलं.

"पेटीतले सगळे चावे बुडाकडून आहेत, दादा. म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी."

"आणि आपल्यात मीच एकटा खलनायकासारखा दिसतो, होय ना?" तो खदखदून हसला. "हे बघ. पिकल्या नासपतीत तोंड घातलं असतं तर ही मिशी आत्तापर्यंत चिकट असती. हात लावून बघ."

"नको, दादा."

"बरं, मग डोकं लाव. दोन फळं चाखली की पेटी कळते. तिसरं कशाला? तिसरं चाखणारा एक तर भुकेला, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"तेच तर. भुकेला थुंकत नाही. आणि न भुकेला तिसरं चाखत नाही. असा माणूस मी अजून बघितलेला नाही."

प्रकरण सहावं: चिटणीससाहेबांची शास्त्रीय पद्धत

दरम्यान साहेबांनी स्वतंत्र तपास सुरू केला होता. बटाट्याच्या गाळ्यातून एक पोतं मागवलं आणि फर्मान काढलं: प्रत्येकाने एक कच्चा बटाटा चावावा, दातांच्या खुणा पेटीतल्या फळांशी जुळवल्या जातील.

सगळा बाजार बटाटे चावू लागला. जो तो तोंड वाकडं करून थुंकत होता. रसवाल्याने आपला बटाटा संपवला. तेवढ्यात बाबा आले. घरी मी सासऱ्यांना बाबाच म्हणते. त्यांनी कुरकुर न करता बटाटा घेतला, एक घास चावला आणि रांगेत शांतपणे चघळत उभे राहिले, जणू बडीशेप.

मग साहेबांनी पुराव्याची पेटी उघडली. चावलेल्या जागा एव्हाना काळ्या आणि मऊ पडल्या होत्या. दात कुणाचे ते सोडा, तिथे दात लागले होते की बोटं, तेही सांगता येत नव्हतं.

"पद्धत बरोबर होती," साहेब म्हणाले. "फळ चुकीचं निघालं."

प्रकरण सातवं

हे प्रकरण नासकं निघालं. बाजूला काढलं आहे.

प्रकरण आठवं: बागवाली सांगते

ती ट्रकच्या सावलीत रिकाम्या पेटीवर बसली होती. मी दुसरी पेटी ओढली.

"काल काय झालं, पहिल्यापासून सांगा."

"काकांनी एक नासपती घेतली. कापली. फोड माझ्यापुढे धरली, म्हणाले, 'आधी तुम्ही.'"

"हो, हल्ली ते सगळ्यांना आधी देतात. बाजारात म्हणतात, म्हातारपणी काका फार सभ्य झाले."

"मी खाल्ली. ते माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मग स्वतः खाल्ली आणि म्हणाले, मध्यम."

"आणि तुम्हाला कशी लागली?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगू? काहीच लागली नाही. इतकी घाबरले होते की फोड खाल्ली हेच नशीब. आई म्हणायची, ही पोरगी परीक्षेला बसली की हिच्या तोंडाचं कुलूप आणि चेहऱ्याचं दार दोन्ही बंद."

"मग 'मध्यम' चूक आहे, हे कशावरून वाटलं?"

"कारण रोज झाडाखाली बसून खाते ना मी त्या. तिथे कुणी बघत नसतं." तिने हातातला नासपतीचा कागद दुमडला. "भाववाली, तिथे एक झाड आहे. वाऱ्याने वाकलं तेव्हा भाऊच म्हणाला होता, उपटून टाक. मी काठी बांधली. त्याच झाडाची आहे ती पेटी. चिठ्ठीत नेमकी तीच आली."

चेहरा तसाच. पण हातातल्या कागदाची तिने इतक्या वेळा घडी घातली होती की आता त्याची घडी होत नव्हती.

प्रकरण नववं: सगळं जे चांगलं चाललं होतं

चहावाल्याने माझ्यापुढे पेला ठेवला. मी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. उकळलेलं गोणपाट.

"काय टाकलंस यात?"

"तुम्हीच एकट्या नावं ठेवा!" तो फणकारला. "चाखेकाकांना विचारा. पूर्वी रोज ओरडायचे, हा चहा आहे की पेले धुतलेलं पाणी? आता किती दिवस झाले, एक शब्द नाही. पितात, पेला ठेवतात, जातात. शेवटी जमला मला चहा. काकांच्या जिभेला पटला, म्हणजे झालं की!"

पेला हातातच राहिला.

कारण माझ्या घरीही तेच चाललं होतं. बाबांनी माझ्या भाजीला नावं ठेवणं सोडलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा! मी ते स्वतःचं यश समजून कॉलर ताठ करून फिरत होते. मी सासूबाईंना फोन लावला.

"आई, बाबा हल्ली जेवणाबद्दल काही बोलतात का हो?"

"तेच म्हणते मी! हे सगळं मुकाट्याने खातात गं. परवा दुधाला वास येत होता, मी विसरून तेच दिलं. प्यायले! मला वाटलं, माणूस सुधारला. मग वाटलं, या वयात माणूस सुधारतो, म्हणजे काहीतरी बिघडलंय."

"कधीपासून?"

"ती मोठी सर्दी झाली होती ना, तेव्हापासून. का गं? काय झालंय?"

"काही नाही. नंतर सांगते."

कच्चा बटाटा. आधी तुम्ही. काल मध्यम, परवा मध्यम, द्राक्षं, कलिंगडं, संत्री, सगळीच मध्यम, आणि रोज ते माझ्याच हाताने फळ्यावर.

मिशीदादाचं वाक्य मी चहाच्या त्या भयंकर घोटाबरोबर पूर्ण केलं. तिसरं फळ चाखणारा एक तर भुकेला, नाहीतर त्याला शंका फळाची नसते. जिभेची असते.

प्रकरण दहावं: दुधारी

चाखेकाका बाजाराचा माणूस. पेटी त्यांनी बिघडवली, हे सिद्ध झालं की नवा नमुना. नवा नमुना, की झाडं वाचली.

आणि ते सिद्ध झालं की बाजाराच्या जिभेला चव नाही, हेही सिद्ध. मग बाबांनी सकाळी उठून कुठे जायचं?

मी बोलले काय, गप्प बसले काय, दोन्हीपैकी एकच वाचणार होतं. कोणतं, ते ठरवणं माझ्या हातात, आणि माझे हात खडूने माखलेले.

मी चहावाल्याला म्हटलं, "सगळ्यांसाठी चहा घेऊन ये. एका पेल्यात साखरेऐवजी मीठ घाल. भरपूर. टवका उडालेल्या पेल्यात."

"मीठ? माझ्या चहात?" त्याला खरोखर दुःख झालं.

"फरक पडणार नाही," मी म्हटलं.

प्रकरण अकरावं: टवका उडालेला पेला

भोंग्याची वेळ जवळ आली होती. काट्यापाशी सगळे जमले: साहेब, मिशीदादा, रसवाला, दुकानवाल्या ताई, मागे हमाल, आणि बाजूला एकटी बागवाली. रसवाल्याने ट्रकच्या ड्रायव्हरशी बोलणी सुरूसुद्धा केली होती.

"सापडला का चोर?" साहेबांनी विचारलं.

"आधी चहा घ्या," मी म्हटलं. ताट मीच धरलं होतं. बाबांसमोर नेलं तेव्हा टवका उडालेला पेला त्यांच्या बाजूला होता. ते शांतपणे पिणार होते. मग मी तो पेला साहेबांच्या हातात देणार होते. साहेब थुंकणार होते. आणि सगळं सगळ्यांना कळणार होतं.

बाबांचा हात पुढे आला.

तो हात मी ओळखते. लग्नानंतर मी केलेली पहिली भाजी करपली होती. सगळे ताटात बघत बसले होते. याच हाताने घास उचलला होता आणि बाबा म्हणाले होते, "करप जास्त, मीठ कमी, हिंमत उत्तम."

मी ताट मागे ओढलं, टवक्याचा पेला उचलला आणि स्वतःच तोंडाला लावला. सगळा प्यायले. समुद्र घशातून गेला. डोळ्यांतून पाणी येऊ दिलं नाही, निदान मला तसं वाटलं.

बाबा माझ्याकडे एकटक बघत होते.

"मीठ?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"हल्ली मला असंच कळतं," बाबा म्हणाले. "माणसांच्या तोंडावरून."

ते जरा बाजूला झाले, मीही झाले.

"घरी का नाही सांगितलंत?"

"तुझ्या सासूला सांगितलं असतं तर भोंगा वाजवायची गरज उरली नसती." मग ते गंभीर झाले. "वाटलं, येईल परत. सर्दी गेली, पण जाताना घरातलं सगळं सामान घेऊन गेली गं. मग ही फेरतपासणी. म्हटलं, सगळ्यांसमोर फजिती होण्याआधी एकदा स्वतःची परीक्षा घ्यावी. उजाडताना आलो. सुरीची फोड पातळ पडते, म्हणून तोंड भरून चावलो. काही नाही. दुसरी. काही नाही. मध्ये एकीत काहीतरी आलं असं वाटलं. ती चव नव्हती. आशा होती. मग थांबवेना."

"आणि कागदात परत का गुंडाळल्यात?"

"फळ उघडं टाकू नये," बाबा म्हणाले, जणू हा काय प्रश्न झाला!

मी काही बोलायच्या आत ते वळले, एका रिकाम्या पेटीवर चढले आणि खाकरले.

"पेटी मी चावली," त्यांनी सांगून टाकलं. "मला चव लागत नाही. बरेच दिवस झाले. ऐकू मात्र चांगलं येतं, तेव्हा शिव्या जपून द्या."

प्रकरण बारावं: आधी तुम्ही

सगळ्यात आधी मिशीदादा पुढे सरसावला.

"म्हणजे माझ्या द्राक्षांना 'मध्यम' दिलंत, ते काय बघून?"

"तू हसत होतास, गिऱ्हाईक नाक मुरडत होतं. मी दोन्हींचा मध्य काढला."

आधी हमाल हसले. मग ताई. मग मिशीदादा इतका हसला की त्याला काट्याचा आधार घ्यावा लागला आणि काट्याने त्याचं वजनही दाखवलं.

"आणि माझं?" बागवालीचा आवाज आला. हसू थांबलं. "मी तर हसले नव्हते. नाकही मुरडलं नव्हतं."

बाबा पेटीवरून उतरून तिच्यासमोर उभे राहिले. "तुमच्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, बाई. कोऱ्या कागदाला काय दर्जा देणार? 'मध्यम' म्हणालो. ती माझी चूक. त्याची भरपाई आत्ता, इथेच."

साहेबांनी भिंतीवरचा नियम मोठ्याने वाचला, जरी तो सगळ्यांना पाठ होता. "बाजाराच्या माणसाकडून! आणि चाखेकाका बाजाराचे नाहीत तर कोण आहे? नवा नमुना काढा!"

चिठ्ठी टाकली. नवी पेटी आली. आता चाखणार कोण? साहेब आपल्या खोलीत गेले आणि खणातून एक खोकं घेऊन आले. रसातली साखर मोजायचं यंत्र, अजून प्लास्टिकमध्ये.

"हे होतं आपल्याकडे?" मी विचारलं.

"काकांना वाईट वाटेल म्हणून उघडलं नव्हतं," साहेब पुटपुटले.

रसाचे दोन थेंब टाकले. मिशीदादाने डोळा लावला, आकडा वाचला, सोबतच्या तक्त्यात शोधला आणि तक्ता ताईंना दाखवला. ताईंनी फोड चाखली. मिशीदादाने चाखली, बुडाकडची. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"थांबा," बाबा म्हणाले. त्यांनी सुरी उघडली, एक फोड उतरवली आणि बागवालीपुढे धरली. "आधी तुम्ही."

"आता मी कशाला? यंत्राने सांगितलंय ना."

"यंत्राने तुम्हाला सांगितलं. मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

तिने फोड तोंडात टाकली. सगळा बाजार तिच्याकडे बघत होता, म्हणून तिने डोळे मिटून घेतले. बहुधा त्या वाकलेल्या झाडाखाली जाऊन बसली. आधी भुवया सैल झाल्या. मग गाल हलले. मग तोंडाच्या एका कोपऱ्यातून रस ओघळला, तो तिने मनगटाने पुसला, आणि दगडीबाई हसली. अशी हसली की तिला पहिल्यांदा पाहतोय असं सगळ्यांना वाटलं.

बाबांनी फळाकडे पाहिलंही नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले, "दर्जा, उत्तम!"

मी फळ्याकडे धावले. अर्धी ओळ सकाळपासून वाट बघत होती. ती पूर्ण केली, आणि त्याच वेळी भोंगा वाजला.

"बरं," रसवाला खांदे उडवत म्हणाला, "त्या चावलेल्या तरी द्या. टाकून देऊ नका."

आजचा बाजार (हा आज निराळा, बऱ्याच दिवसांनंतरचा)

द्राक्षं: आवक बरी. दर्जा उत्तम. भाव चढता.
कलिंगड: आवक भरपूर. दर्जा हलका. भाव पडता.
संत्री: आवक मध्यम. दर्जा चांगला. भाव स्थिर.
नासपती: हंगाम संपला. झाडं जागेवर.

मधल्या दिवसांत चाखायचं काम मिशीदादा आणि यंत्राने मिळून केलं. बाबा दोघांनाही ओरडत बसायचे. डॉक्टर म्हणाले होते, चव येईलही, धीर धरा. सासूबाई म्हणाल्या होत्या, तोवर मी हवं ते शिजवून घेते.

आज सकाळी मी फळा पुसत होते. बाबा काट्यापाशी बसले होते. चहावाल्याने नेहमीसारखा पेला ठेवला आणि नेहमीसारखा निघाला. बाबांनी घोट घेतला. थांबले. भुवया एकमेकींना भिडल्या. आणि त्यांनी तो घोट थेट रस्त्यावर फुर्रकन थुंकला.

"हा चहा आहे?" बाबा गरजले. "का किटली धुऊन पाजतोयस? पत्ती कसली, पालापाचोळा! साखर कुठंय? दूध कुठल्या जन्मातलं?"

हमालांनी ओझी खाली ठेवली. चिटणीससाहेब खिडकीत आले. चहावाला क्षणभर बघत राहिला, मग किटली जमिनीवर ठेवली आणि बाबांना कडकडून मिठी मारली.

"अजून बोला, काका! दुधाबद्दल अजून बोला!"

मागे टाळ्या वाजत होत्या. संध्याकाळी मलाही घरी भाजी वाढायची आहे, त्याची थोडी धाकधूक आहेच. पण आधी काम. मी खडू उचलला आणि फळ्यावर खाली एक ओळ वाढवली:

चहा: आवक भरपूर. दर्जा अतिशय हलका. बाजारात आनंद.